ताप उतरला आणि डोकं दुखायला लागलं: डेंग्यूत मेंदूभोवती होणारा रक्तस्राव

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे वडील ६१ वर्षांचे, आयुष्यभर यंत्रमागावर काम केलेले, हृदयासाठी रोज ॲस्पिरिनची एक छोटी गोळी चालू असलेले. डेंग्यू झाला, पाचव्या दिवशी ताप उतरला. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, ३४ हजार होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, चढवायची गरज नाही. सहाव्या दिवशी सकाळी डोकं दुखायला लागलं, दोन उलट्या झाल्या आणि दुपारी ते असंबद्ध बोलू लागले. सीटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती चंद्रकोरीच्या आकाराचं रक्त साचलेलं दिसलं. आता ते आयसीयूत आहेत, हाक मारली की ओ देतात, हातपाय हलवतात, पाणी स्वतः गिळतात, ऑपरेशन सध्या नको असं ठरलं आहे. ताई विचारतात: हे कशामुळे झालं, प्लेटलेट आधीच चढवल्या असत्या तर टळलं असतं का, आणि आता पुढं काय? पपईच्या पानांच्या रसाबद्दलही त्यांनी विचारलं आहे.

ताई, मधला प्रश्न आधी घेतो, कारण झोप उडवणारा तोच आहे. नातेवाईक आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून एकमेकांना हेच विचारत असतात, आणि कधी कधी घरात यावरून कायमची तेढ पडते. ३४ हजार प्लेटलेट असताना, कुठून रक्त जात नसताना पिशवी चढवली नाही, हा निर्णय बरोबर होता. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तस्राव होत नसेल तर १० हजारांच्या खाली गेल्यावरच प्रतिबंध म्हणून प्लेटलेट देण्याचा विचार करायचा असतो. २०१७ मध्ये सिंगापूर आणि मलेशियातल्या रुग्णालयांनी केलेला एक चांगला अभ्यास प्रसिद्ध झाला. डेंग्यूचे प्रौढ रुग्ण घेतले, ज्यांच्या प्लेटलेट २० हजार किंवा त्याहून कमी होत्या पण मोठा रक्तस्राव नव्हता. काहींना प्लेटलेट चढवल्या, काहींना नुसतं बारकाईनं पाहत राहिले. रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखाच झाला. अंगावर पित्त उठणं, खाज येणं, श्वासाचा त्रास असे दुष्परिणाम मात्र प्लेटलेट दिलेल्यांत जास्त दिसले.

याचं कारण आजाराच्या स्वभावात आहे. डेंग्यूचा विषाणू एकीकडे अस्थिमज्जेतलं प्लेटलेटचं उत्पादन काही दिवस दाबून टाकतो आणि दुसरीकडे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती रक्तातल्या प्लेटलेट नष्ट करत असते. बाहेरून दिलेल्या प्लेटलेटही त्याच तावडीत सापडतात. सकाळी पिशवी चढवून आकडा वर गेला आणि रात्री पुन्हा खाली आला, हे आम्ही डॉक्टर नेहमी पाहतो. शिवाय ज्या रुग्णाच्या रक्तवाहिन्यांतून पाणी आधीच झिरपतं आहे, त्याच्या शरीरात प्रत्येक पिशवीनं आणखी द्रव जातो.

म्हणून आकड्याची धास्ती कमी करा असं मी सगळ्यांना सांगतो. ८ हजार प्लेटलेट असलेला तरुण पोरगा खाटेवर बसून मोबाईल बघत असतो आणि चार दिवसांत घरी जातो. ५० हजारांच्या वर प्लेटलेट असताना मेंदूत रक्तस्राव झाल्याचे रुग्णही वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. त्यात मशीनवरचा आकडाही दर वेळी खरा नसतो. प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे झाले की मशीन त्या कमी मोजतं. सकाळी एका लॅबमध्ये २२ हजार आणि दुपारी दुसरीकडं ४१ हजार आल्यावर लोक डॉक्टरवर संशय घेतात, तेव्हा खरं म्हणजे काचपट्टीवर थेंब पसरून डोळ्यांनी पाहून मोजायला सांगावं.

आता, झालं कशामुळे. एकट्या प्लेटलेटमुळे झालं नाही. डेंग्यूत रक्तवाहिन्यांच्या आतलं नाजूक अस्तर दुखावतं. विषाणूच्या ज्या एनएस१ प्रथिनावरून आपण पहिल्या चार-पाच दिवसांत निदान करतो, तेच प्रथिन या अस्तराला सैल करण्यात हातभार लावतं. उरलेल्या प्लेटलेट संख्येनं कमी असतातच, वर कामालाही कमकुवत असतात. यकृताला सूज आलेली असते, आणि रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतातच तयार होतात. तुमच्या वडिलांच्या बाबतीत यावर ॲस्पिरिनची भर पडली. ॲस्पिरिन प्लेटलेटची चिकटण्याची शक्ती काढून घेतं आणि त्या प्लेटलेटच्या उरलेल्या आयुष्यात, म्हणजे आठवडाभरापर्यंत, ती परत येत नाही. म्हणजे कागदावर ३४ हजार असल्या, तरी कामाच्या त्याहून बऱ्याच कमी.

आणि वय. वयानं मेंदू थोडा आकसतो, कवटी मात्र तेवढीच राहते. मेंदूच्या पृष्ठभागावरून बाहेरच्या जाड आवरणाकडे, ज्याला आम्ही ड्युरा म्हणतो, छोट्या शिरा जातात. तरुणपणी त्या सैल असतात. साठीनंतर मेंदू आणि ड्युरा यांच्यातलं अंतर वाढतं आणि त्या शिरा मागावरच्या उभ्या धाग्यासारख्या ताणल्या जातात. तुमच्या वडिलांना सांगितलंत तर त्यांना हे लगेच कळेल: धागा जितका ताणात, तितका किरकोळ झटक्यानं तुटतो. डेंग्यूत असा झटका कुठून येतो? जोराची उलटी, उचकी, खोकला. आणि फार वेळा पडणं. ताप उतरताना रक्तदाब खाली आलेला असतो, रात्री लघवीला उठल्यावर चक्कर येते, डोकं भिंतीला किंवा न्हाणीघराच्या चौकटीला लागतं. एवढंसं लागलं म्हणून कोणी घरच्यांना सांगतही नाही. एकदा आठवून पाहा आणि असं काही झालं असेल तर तिथल्या डॉक्टरांना सांगा. काहीच झालेलं नसलं तरी निदान बदलत नाही, कारण डेंग्यूत मार न लागताही रक्तस्राव होतो.

ड्युराच्या आत आणि मेंदूच्या बाहेर साचलेल्या या रक्ताला सबड्युरल हिमॅटोमा म्हणतात. तुम्ही रिपोर्टचं जे वर्णन लिहिलं आहे, चंद्रकोरीच्या आकाराचं रक्त, त्यावरून हाच प्रकार आहे. डेंग्यूत प्रत्यक्ष मेंदूच्या आत किंवा मेंदूला लगटून असलेल्या पातळ आवरणाखालीही रक्तस्राव होऊ शकतो. मेंदूच्या आत होणारा सहसा सगळ्यांत वाईट. आवरणाखाली झाला तर डोक्यात काही फुटल्यासारखी एकदम तीव्र वेदना येते आणि मान ताठ होते. हे सगळेच प्रकार क्वचित होणारे आहेत. सप्टेंबर हा सोलापूरचा सर्वांत जास्त पावसाचा महिना, त्यानंतर दिवाळीपर्यंत डेंग्यूचे रुग्ण येत राहतात, आणि त्यातले बहुतेक सगळे पॅरासिटामॉल आणि भरपूर पाण्यावर बरे होतात. पण जो एखादा असा निघतो, त्याचे पहिले काही तास कसे गेले यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

तुमच्या घरानं ते तास वाया घालवले नाहीत, हे मला ठळकपणे सांगायचं आहे. कारण इथंच बहुतेक घरं फसतात. ताप उतरला म्हणजे आजार गेला असं आपल्या हाडीमाशी बसलेलं आहे. साध्या सर्दी-तापाला ते चालतं. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास सगळ्यांत धोक्याचे. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात हा काळ येतो. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपणं तेव्हाच कळसाला असतं, प्लेटलेटही त्याच सुमारास तळाला जातात. नेमका याच दिवशी रुग्णाला डिस्चार्ज हवा असतो, कामाच्या पाळीवर जायचं असतं, पगार बुडत असतो.

डेंग्यूत डोकं दुखतंच, मग धोक्याची डोकेदुखी ओळखायची कशी, असं तुम्ही पुढं कधी तरी विचाराल म्हणून सांगतो. सुरुवातीची डोकेदुखी तापाबरोबर येते, डोळ्यांच्या मागं असते, पॅरासिटामॉलनं थोडी तरी हलते आणि ताप गेला की ओसरते. ताप गेल्यावर नव्यानं सुरू झालेली किंवा वाढत चाललेली डोकेदुखी वेगळी. तिच्याबरोबर उलटी, झोपेत ओढल्यासारखं होणं, चिडचिड, माणूस ओळखण्यात गडबड, बोलणं जड होणं, एक हात किंवा पाय लुळा वाटणं, फिटचा झटका, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं यातलं काहीही आलं की साधा सीटी स्कॅन त्याच वेळी. त्याला रंगद्रव्याचं इंजेक्शन लागत नाही, काही मिनिटांत होतो. वयस्कर माणसांत तर डोकं न दुखताही नुसती गुंगी आणि गोंधळ असू शकतो. 'अशक्तपणानं झोपलेत, झोपू द्या' हे वाक्य मला फार भीतीदायक वाटतं. तापातून उठलेल्या माणसाला दर दोन-तीन तासांनी हाक मारा, नाव विचारा, पाणी त्याच्या हातानं प्यायला लावा. प्लेटलेटचा आकडा दिवसातून एकदा कळला तरी पुरतो, माणसाकडं मात्र सतत लक्ष हवं.

आता आयसीयूत काय चाललं असेल ते. आतलं दिसत नाही म्हणून बाहेर बसलेल्यांची घालमेल जास्त होते.

रक्तस्राव सुरू झाल्यावर प्लेटलेटबद्दलचा नियम उलटतो. काल पिशवी नको होती, आज हवी. मेंदूभोवती रक्त असेल तर प्लेटलेट ५० हजारांच्या वर ठेवायचा प्रयत्न असतो, ऑपरेशन करायचं झालं तर १ लाखाच्या आसपास. त्यामुळे तुम्हाला रक्तपेढीत पुन्हा पुन्हा पाठवतील. एका रक्तदात्याच्या नेहमीच्या रक्तातून वेगळी केलेली पिशवी साधारण ५ ते १० हजारांनी आकडा वाढवते. मशीनवर एकाच दात्याकडून काढलेली, ज्याला सगळे एसडीपी म्हणतात, ती ३० ते ६० हजारांनी. डेंग्यूत दोन्हींचा परिणाम अपेक्षेपेक्षा कमी टिकतो. एसडीपीसाठी दात्याच्या हाताची शीर चांगली लागते आणि तासाभराहून अधिक वेळ जातो, म्हणून भावकीतले, मागावरचे दोन-तीन धडधाकट लोक आजच सांगून ठेवा. प्लेटलेट फक्त पाच दिवस टिकतात, त्यामुळे हंगामात रक्तपेढीत साठा असेलच असं नाही. प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) किंवा क्रायो (त्यातूनच काढलेला घटक) मागितलं तर घाबरू नका, ते गोठवणारे घटक भरून काढण्यासाठी असतं.

सलाईनचा हिशेब फार नाजूक असतो. कमी पडलं तर रक्तदाब कोसळतो, जास्त झालं तर छातीत आणि पोटात पाणी साचतं. मेंदूला सूज असेल तर नुसत्या डेक्स्ट्रोजचं सलाईन टाळतात, कारण त्यानं सूज वाढते. 'अजून एक बाटली लावा ना' असा आग्रह नातेवाईकांनी धरू नये, ही हात जोडून विनंती. डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवतील, झटक्यांसाठी काही दिवस औषध देतील, ॲस्पिरिन बंद केलेलं असेल. प्लेटलेट वाढवायला स्टेरॉईड द्या असं कोणी सुचवेल. डेंग्यूत त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

ऑपरेशन का नको म्हणतात, हे समजून घ्या. एरवी मार लागून झालेलं ताजं सबड्युरल रक्त १० मिलिमीटरपेक्षा जाड असेल किंवा मेंदू मधल्या रेषेपासून ५ मिलिमीटरहून जास्त सरकला असेल, तर कवटी उघडून ते काढतात. डेंग्यूत रक्त गोठतच नसताना कवटी उघडली तर आतला रक्तस्राव थांबवणं महाकठीण जातं. तुमचे वडील शुद्धीवर आहेत, हातपाय हलवत आहेत, म्हणजे थांबायला जागा आहे. या थांबण्यात प्रत्येक तासाला बाहुल्या, हाकेला प्रतिसाद आणि हातापायांची ताकद पाहणं चालू असतं, आणि सहा ते चोवीस तासांत सीटी पुन्हा करतात. दुसरा सीटी करायला सांगितला म्हणजे काही तरी बिघडलं असा अर्थ लावू नका. शुद्ध हरपू लागली तर मात्र धोका पत्करून ऑपरेशन करावंच लागतं, तेव्हा संमतीच्या कागदावर सही करायला घरातलं जबाबदार माणूस जवळ हवं. खर्चाबद्दल तुम्ही लिहिलं नाही, तरी सांगतो: महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. रुग्णालय योजनेत आहे का आणि हा उपचार त्यात बसतो का, हे रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, आजच विचारा. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग होत नाही.

प्लेटलेट साधारण आठव्या ते दहाव्या दिवसापर्यंत आपोआप चढू लागतात. तोवर रक्त वाढलं नाही आणि शुद्ध टिकली, तर ही लढाई बरीचशी जिंकल्यासारखी आहे. मेंदूच्या बाहेर साचलेलं थोडं रक्त शरीर कित्येक आठवड्यांत शोषून घेतं, मेंदूच्या पेशींना थेट इजा झालेली नसेल तर माणूस पूर्ववत होऊ शकतो. आज त्याची खात्री मी किंवा कोणी देऊ नये. पण हाकेला ओ देणारा, स्वतः पाणी गिळणारा रुग्ण आणि बेशुद्धावस्थेत आलेला रुग्ण यांच्या भवितव्यात फार मोठं अंतर असतं, आणि तुमचे वडील पहिल्या गटात आहेत.

घरी आल्यानंतरचा एक टप्पा लोकांना कोणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून त्यावर थोडं थांबतो. साठलेलं ताजं रक्त काही आठवड्यांत विरघळून पातळ होतं. कधी कधी त्याभोवती पातळ पडदा तयार होतो, त्या पडद्यातल्या कच्च्या रक्तवाहिन्यांतून पुन्हा पुन्हा थोडं रक्त झिरपतं आणि साठा हळूहळू वाढतो. तापाची आठवणही मागं पडलेली असते, दोन-तीन आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंत केव्हाही हे होऊ शकतं. चालताना एका बाजूला तोल जाणं, एक चप्पल सारखी निसटणं, शर्टाची बटणं लावता न येणं, विसरभोळेपणा, दिवसाढवळ्या पेंगणं, सकाळची डोकेदुखी. घरचे म्हणतात वय झालं. पण हा दुखण्यातला सर्वांत बरा होणारा भाग आहे: तोवर प्लेटलेट पूर्ववत झालेल्या असतात, कवटीला छोटं भोक पाडून पातळ झालेलं रक्त काढून टाकता येतं आणि पुष्कळ रुग्ण चांगले चालू लागतात. त्यासाठी डिस्चार्जनंतर दोन ते चार आठवड्यांनी सीटी ठरवून घ्या, रुग्ण अगदी ठीक वाटत असला तरी.

ॲस्पिरिन पुन्हा कधी सुरू करायचं, हे हृदयाच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं आहे. मागच्या वर्षभरात स्टेंट बसवलेला असेल तर तसं आजच आयसीयूत सांगा, कारण तो हिशेब वेगळा होतो. आपल्या मनानं गोळी सुरूही करू नका आणि, ज्यांच्या घरी हृदयाचा दुसरा रुग्ण आहे त्यांनी, हे वाचून बंदही करू नका. ताप आला की त्या दिवशी डॉक्टरांना 'रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे' एवढं आठवणीनं सांगा.

तापात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नायमेसुलाईड, ॲस्पिरिन यांपैकी काहीही नको. अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून आणलेल्या मिश्र गोळ्यांत यातलं काही तरी हटकून असतं, पाकिटावरची नावं वाचा. पॅरासिटामॉल चालेल, मोठ्या माणसाला ५०० मिलिग्रॅमची गोळी सहा तासांच्या अंतरानं, आणि यकृताला सूज असेल किंवा दारूची सवय असेल तर डॉक्टरांना विचारून त्याहून कमी. कमरेत घ्यायची सुई टाळा. 'साहेब, सुई मारा म्हणजे लवकर उतरेल' हा आग्रह आपल्याकडं फार आहे, आणि प्लेटलेट कमी असताना त्या जागी स्नायूत रक्ताची मोठी गाठ होते. पपईच्या पानांच्या रसाबद्दल तुम्ही विचारलं आहे. प्लेटलेट थोड्या लवकर चढल्याचं काही लहान अभ्यासांत दिसलं, त्यानं रक्तस्राव टळतो असं सिद्ध झालेलं नाही. तो कडू रस पिऊन उलट्या होतात, आणि डोक्यात रक्त असताना उलटी आपल्याला अजिबात नको. ड्रॅगन फ्रूट आणि डाळिंब सांगोल्याकडं उत्तम पिकतात, पुढं खाता येऊ लागल्यावर आवडीनं द्या, पण त्यानं प्लेटलेट वाढतील म्हणून पैसे घालू नका.

घरातल्या बाकीच्यांबद्दलही बोलायला हवं. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकारानं आजारी पडलेला माणूस पुढं दुसऱ्या प्रकारानं आजारी पडला, तर आजार तीव्र होण्याची शक्यता पहिल्या वेळेपेक्षा वाढते. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. म्हणून प्रत्येक घरात हौद, बॅरल, टाकी भरलेली, आणि एडिस डासाला नेमकं असंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पाणी साठवू नका असं सोलापूरकराला सांगण्यात अर्थ नाही. पण पाणी येण्याच्या आदल्या दिवशी बॅरल रिकामं करून आतली बाजू घासून काढता येते. घासणं महत्त्वाचं, कारण अंडी पाण्याच्या काठाशी भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर ती तशीच राहतात. भरल्यावर तोंडाला जुन्या धोतराचं किंवा साडीचं कापड घट्ट बांधा. महापालिकेचे लोक टाकीत औषध टाकायला आले तर टाकू द्या. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्रपाळी करून दुपारी झोपणाऱ्यानं मच्छरदाणी दुपारी लावायला हवी.

वडिलांना घरी आणाल तेव्हा पहिल्या महिन्यात रात्री न्हाणीघराचा दिवा चालू ठेवा, ते उठताना कोणी तरी सोबत असू द्या. सीटीच्या फिल्म, डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची यादी एका पिशवीत ठेवा आणि ती कुठं आहे हे घरातल्या पोरांनाही माहीत असू द्या. रात्री-अपरात्री गुंगी, झटका किंवा लुळेपणा आला तर १०८ ला फोन करा, आणि कॅज्युअल्टीत पोचल्यावर आधी एवढंच सांगा: 'यांना डेंग्यूत मेंदूभोवती रक्तस्राव झाला होता, ॲस्पिरिन चालू होतं की बंद होतं ते इथं लिहिलं आहे.' पुढचं तिथला डॉक्टर ओळखेल.